सत्तेचाळिसाव्या खणातला दुवान

नदीकाठी मासे तळून विकणाऱ्या बाईने कुणावर विश्वास ठेवू नये. गिऱ्हाईक "मासा ताजा आहे का?" असं दोनदा विचारतं तेव्हा त्याला मासा नको असतो, बातमी हवी असते. आमच्या पुएर्तो सांतेल्मोत बातमी विचारणाऱ्याचं काय होतं आणि सांगणाऱ्याचं काय होतं, दोन्ही मी पाहिलं आहे. म्हणून कुणी काही विचारलं की मी कढईतला मासा उलटते आणि "देव जाणे" म्हणते.

माझा मुलगा दुवान एकोणीस वर्षांचा होता. लाल टोपी घालून मोटारहोडीने उतारू पलीकडे न्यायचा. २००२ सालच्या फेब्रुवारीत एका मंगळवारी भर दुपारी दोन माणसं त्याच्या होडीत बसली. संध्याकाळी होडी एकटीच वाहत खाली गेलेली सापडली. सगळ्या धक्क्याने ती माणसं पाहिली होती आणि कुणीच काही पाहिलं नव्हतं. माणसं पावडरीचा धंदा चालवणाऱ्या डॉन देमेत्रियोची होती, एवढं आंधळ्यालाही कळत होतं. सकाळी बाहीवर पट्टी बांधली की ते डोंगरातल्या बंदूकवाल्या गटाच्या कमांडरचे सैनिक, दुपारी तीच पट्टी खिशात घातली की पांढऱ्या पावडरीचे हमाल.

गावाने नेहमीचं वाक्य म्हटलं, "काहीतरी केलंच असेल त्याने." इथे कुणी मेलं की आधी हे वाक्य येतं, मग मेणबत्ती. चौदा वर्षं मी ते वाक्य ऐकलं, बाजारात, चर्चच्या पायरीवर, माझ्याच टपरीवर माझाच मासा चघळणाऱ्या तोंडांतून. मला त्या तोंडांवर कागद फेकायचा होता. सरकारी शिक्क्याचा, दुवान पाबोन हा युद्धाचा बळी आहे, असं लिहिलेला. बाकी मला काही नको होतं.

तो कागद देणारं ऑफिस आमच्याकडे उघडलं तेव्हा रेडिओवर रोज शांततेच्या गप्पा चालू होत्या. ऑफिसात राजधानीहून आलेली एक मुलगी बसायची, सोरायदा नावाची. आमच्याकडे इस्त्रीचा शर्ट घातलेल्या कुणालाही डॉक्टर म्हणतात, म्हणून ती डॉक्टोरा सोरायदा. तिने मला बोलावलं आणि समोर बसवलं.

"डोन्या एलोइना, दोन अडचणी आहेत," ती म्हणाली. "पहिली. तुमच्या मुलाला युद्धातल्या गटाने नेलं की धंद्यातल्या टोळीने? टोळीने नेलं असेल तर तो साधा गुन्हा धरतात. या यादीत येत नाही."

"माणसं तीच होती, बाई."

"ते सांगणारा साक्षीदार हवा."

"साक्षीदार आहेत की. आख्खा धक्का आहे. एकाला तरी तोंड उघडायला लावा, मी तुम्हाला जन्मभर मासे फुकट घालीन."

ती हसली नाही. तिने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "दुसरी अडचण. अर्जात तुम्ही लिहिलंय, मुलगा बेपत्ता, देह मिळाला नाही."

"नाहीच मिळाला."

पडद्यावर कबरस्तानाच्या भिंतीचा फोटो होता. खण सत्तेचाळीस. माझा निळा रंग, माझी पांढरी अक्षरं : दुवान पाबोन, आईकडून.

"मग हा कोण?"

"हा कोण ते मला काय ठाऊक?"

ती माझ्याकडे अशी पाहायला लागली, जणू मी तिच्या पर्समध्ये हात घातलाय. तिचं तरी काय चुकलं? आमच्या गावची रीत राजधानीला कशी कळावी! नदी वरच्या अंगाने माणसं वाहून आणते, बिननावाची. पूर्वी कबरस्तानाचा राखणदार त्रान्सितो ती काढायचा आणि मागच्या भिंतीतल्या खणांत ठेवायचा. मग गावातलं कुणीतरी एक खण निवडतं. रंग देतं, नाव देतं, पाण्याचा पेला ठेवतं, कारण बुडून मेलेला असला तरी आत्मा तहानलेलाच असतो. सोमवारी जाऊन दगडावर तीनदा टकटक करायची आणि काय हवं ते मागायचं. तो देतो. ज्याचं कुणी नाही त्याचं आपण करावं, म्हणजे आपल्या हरवलेल्याचं खाली कुठेतरी दुसरं कुणी करेल, एवढाच हिशोब.

दुवान गेल्यावर महिन्याभराने मी सत्तेचाळीस निवडला. आत आलेला तरुण होता, त्रान्सितो म्हणाला, आणि चेहरा पाहण्यासारखा नव्हता. मी त्याला दुवानचं नाव दिलं.

"दुसऱ्याच्या देहाला आपल्या मुलाचं नाव?" सोरायदा म्हणाली.

"सगळं गाव देतं. माझी कोमाद्रे उबाल्दिना, जिने दुवानला बाप्तिस्म्याला हातात धरलं होतं, तिच्या खणाचं नाव मार्गारिता आहे. त्रान्सितो शपथेवर सांगतो, आत पुरुष आहे."

"पण आडनाव? आडनाव कुणी देत नाही. मी पूर्ण भिंत पाहिली."

ती चूक माझीच. बाकीच्यांनी नुसती नावं दिली होती. मी मात्र पाबोन लिहिलं, कारण मला तो दगड नुसता दगड नको होता. २००८ साली तपासणीवाले आले, आडनाव नसलेल्या प्रत्येक खणातून हाडाचा तुकडा घेऊन गेले आणि माझ्या खणासमोरून सरळ पुढे गेले. नाव-आडनाव असलेला मेलेला त्यांना कशाला हवा? तेव्हा मला बरंच वाटलं होतं. माझ्या माणसाला कुणी हात लावला नाही म्हणून.

"आता तो उघडावा लागेल," सोरायदा म्हणाली. "नाहीतर वरचे म्हणतील, पुरलेल्या मुलाला हरवलेला दाखवून फसवणूक केली."

उघडला. हाडं एका पांढऱ्या पेटीत गेली. उबाल्दिना माझ्या शेजारी उभी राहून नाक पुसत होती.

"अगं, तुझ्या नवसाला पावायला कोण उरलं आता?" ती म्हणाली.

"तुझी मार्गारिता आहे ना. तिलाच सांगते, आधी मिश्या काढ म्हणून."

हसलो खरं. पण नंतरच्या सोमवारी मी रिकाम्या खणावरही टकटक केली आणि नेहमीचंच मागितलं. काय मागायचे ते सांगेन, आत्ता नाही.

सहा महिन्यांनी ती बाई आली.

दुपारची वेळ, धक्क्यावर दोनच गिऱ्हाईकं. साठीच्या पुढची, डोंगराकडची, बूट चिखलाचे आणि तो चिखल आमच्याकडचा नव्हे, लाल. तिने तळलेला बोकाचिको मासा आणि उकडलेला युकाचा कंद मागवला आणि खाल्लं काहीच नाही. काट्याने नुसतं माशाचं कातडं सोलत बसली. माझ्या मनात पाल चुकचुकली. डोंगराकडचं माणूस, मासा मागवतं आणि खात नाही, आणि डॉन देमेत्रियोचे पुतणे अजून डोंगरावरच राहतात. ऑफिसात कोण कोण जातं हे विचारायला आता बायका पाठवायला लागले की काय?

"मासा ताजा आहे का?" तिने विचारलं.

"आहे."

थोड्या वेळाने पुन्हा, "ताजा आहे ना?"

झालं! मी कढईकडे तोंड केलं. "देव जाणे."

"तुम्ही एलोइना पाबोन ना?"

"कोण विचारतंय त्यावर आहे."

"मी रोसमिरा. ला लोमाची." तिने काटा खाली ठेवला. "कबरस्तानात सत्तेचाळिसाव्या खणावर निळा रंग कुणी दिला?"

मी झारा हातातच ठेवला. गरम तेलाचा झारा हातात असला की बाईला धीर येतो. "तुम्हाला काय करायचंय?"

"तिथे माझा आर्बेय होता," ती म्हणाली. "माझा मुलगा. रक्त जुळलं. ऑफिसाने कळवलं."

मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला राग आला. चौदा वर्षं मी पाणी ठेवलं, मी रंग दिला, आणि ही आयती येऊन म्हणते, माझा. मग लाज वाटली. मग तिला बसायला नीट खुर्ची दिली आणि गुळाचं पाणी दिलं. ते ती पीत बसली.

"शोधत होतात?"

"चौदा वर्षं. इथेही आले होते, २००६ मध्ये. भिंतीसमोर उभी होते."

"मग?"

तिने पेला दोन्ही हातांत धरला. "दगडावरचं नाव वाचलं आणि पळाले. पण आधी एक मेणबत्ती लावली."

पांढरी, जाड. मला आठवली! एका मंगळवारी माझ्या खणाखाली कुणाची तरी मेणबत्ती जळून सांडली होती. उबाल्दिना माझ्या मेलेल्याकडून चोरून काही मागतेय असं समजून मी तिच्याशी दोन आठवडे बोलले नव्हते.

"माझ्या दुवानचं नाव तुम्हाला काय माहीत?" मी विचारलं. झारा पुन्हा हातात आला होता.

ती सांगत गेली, माझ्याकडे न पाहता. आर्बेय अठरा वर्षांचा असताना कमांडरची माणसं त्याला घेऊन गेली. रविवारी तो टेलिफोनच्या दुकानातून तिला फोन करायचा. एका रविवारी रडत होता. म्हणाला, आई, सांतेल्मोच्या एका होडीवाल्याला घेऊन जायला लावलं मला. लाल टोपीवाला, दुवान नावाचा. कमांडरचा हुकूम होता, माल देमेत्रियोचा. होडीवाल्याने एकदा माल नेला, दुसऱ्यांदा नाही म्हणाला. त्याला बांधलेली दोरी मी धरली होती, आई. त्यानंतर तीन रविवार गेले आणि फोन बंद झाला.

"म्हणून दगडावर ते नाव वाचलं तेव्हा वाटलं, होडीवाल्याची कबर," रोसमिरा म्हणाली. "तुमच्या मुलाची माफी मागितली. माझ्या मुलाच्या वतीने. आणि माझाच मुलगा आत होता."

मी झारा कढईत टाकला. मी म्हणाले, "काहीतरी केलंच असेल त्याने."

चौदा वर्षं जे गिळलं ते मी तिच्या अंगावर थुंकले. पेला रिकामा करून तिने बाकावर ठेवला.

आणि तरी, खरं सांगायचं तर, माझं मन त्या वाक्यावर नव्हतंच. ते दुसऱ्यावर अडकलं होतं. एकदा माल नेला. माझ्या टपरीमागच्या घरात एक पांढरा फ्रिज आहे. दुवान जाण्याआधी महिनाभर त्याने तो होडीतून आणला, नवाकोरा, प्लास्टिकच्या वेष्टनासकट. "आई, आता मासा खराब होणार नाही," म्हणाला. कुठून आणला, मी विचारलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मी चौदा वर्षं त्या फ्रिजला पाठ करून उभी राहत आले आहे. अर्जात "मुलाचा धंद्याशी संबंध?" या प्रश्नापुढे मी ठळक अक्षरांत "नाही" लिहिलं होतं.

"हे सगळं तुम्ही ऑफिसात सांगाल?" मी विचारलं.

"त्याचसाठी आले."

"का?" काहीतरी हवं असल्याशिवाय आमच्याकडे कुणी ऑफिसात तोंड उघडत नाही. "काय हवंय तुम्हाला माझ्याकडून?"

"काही नको. तुम्ही त्याला पाणी दिलंत."

माझा विश्वास बसला नाही. तिला घरी उतरवून घेतलं ते प्रेमाने नव्हे, डोळ्यांसमोर राहावी म्हणून. जेवताना तिने फ्रिज उघडून पाण्याची बाटली घेतली, दार लावलं, आणि हात क्षणभर त्या दारावरच राहिला. तिला कळलं, हे मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात सोरायदाने रोसमिराचीही फाइल काढली. तिनेही अर्ज केला होता, आर्बेयसाठी, माझ्यासारखाच.

"डोन्या रोसमिरा, आधी नीट ऐका," सोरायदा म्हणाली. "तुमचा मुलगा गटात होता असं तुम्ही सांगितलंत, तर डोन्या एलोइनांचं काम होईल. पण तुमची फाइल बंद होईल. गटात बंदूक धरलेल्याला बळी धरत नाहीत. मग त्याला कुणीही मारलेलं असो."

"अठरा वर्षांचा होता."

"म्हणूनच. एक वर्षाने लहान असता तर अल्पवयीन म्हणून काही बोलता आलं असतं."

मी खिडकीबाहेर पाहत होते. थांबवावं का हिला? एक शब्द बोलले असते तर ती थांबली असती. चौदा वर्षं मला या कागदाने झोपू दिलं नव्हतं, तसंच तिलाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि मला कळत होतं. मी गप्प बसले. मला कागद हवा होता.

"लिहा," रोसमिरा म्हणाली.

तिने सगळं सांगितलं. बाहीवरची पट्टी, कमांडरचं नाव, आर्बेयने धरलेली दोरी. सोरायदाची बोटं टकटक करत होती. मग ती थांबली. "आणि डोन्या एलोइनांचा मुलगा? त्याने कधी त्यांचा माल नेला होता?"

आता मागेल, मला वाटलं. काय हवंय ते आता कळेल.

रोसमिराने माझ्याकडे पाहिलं सुद्धा नाही. "नाही म्हणाला तो. नाही म्हणाला म्हणूनच नेलं."

खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. मी मान खाली घातली आणि सही केली.

पावसाळा सरता सरता दोन पत्रं आली. माझ्यात लिहिलं होतं, दुवान पाबोन, समाविष्ट. तिच्यात लिहिलं होतं, समाविष्ट नाही. मी माझं पत्र काचेत घालून टपरीवर टांगलं. गिऱ्हाईकं वाचायची आणि म्हणायची, "आम्हाला ठाऊकच होतं, पोरगं गुणाचं." काल काहीतरी केलंच असेल म्हणणारी तीच तोंडं! उबाल्दिना तर रडली. मी त्या सगळ्यांना मासा वाढला आणि आत जाऊन फ्रिजला टेकून उभी राहिले.

हाडं परत आली तेव्हा रोसमिरा ती घ्यायला आली. पेटी मांडीवर घेऊन माझ्या अंगणात बसली ती दुपारपर्यंत उठेना.

"बस निघून जाईल," मी म्हणाले.

"ला लोमात कुठे पुरू? देमेत्रियोची माणसं म्हणतात, फितूर होता. बाकीचे म्हणतात, खुनी होता. आठवड्यात दगड फोडतील."

मी कढई उतरवली. "मग इथेच ठेवा. खण रिकामाच आहे. त्याला सवय आहे तिथली."

तिने वर पाहिलं. आता संशय तिच्या डोळ्यांत होता, आणि तो मला ओळखीचा वाटला. "का?" ती म्हणाली. "काय हवंय तुम्हाला?"

"काही नको," मी म्हणाले. ते खोटं होतं.

त्रान्सितोने पेटी आत सरकवली आणि दगड लावला. मी निळा रंग खरवडून काढला. रोसमिराने सांगितला तो हिरवा दिला आणि नाव लिहिलं, आडनावासकट : आर्बेय किंतेरो, आईकडून. ब्रश धुताना तिने विचारलं, "दर सोमवारी काय मागायचात त्याच्याकडे?"

"तब्येत," मी म्हणाले. "गुडघ्यासाठी."

"दिली?"

"दिली की."

तिची बस गेली. पुढच्या सोमवारी मी पाण्याचा पेला भरून ठेवला आणि दगडावर तीनदा टकटक केली. आता सांगते, काय मागायचे. चौदा वर्षं, एकही सोमवार न चुकवता, मी त्या दगडाला म्हणत आले होते : ज्याने माझ्या दुवानला नेलं त्याच्या हाडांना त्याच्या आईचा हात कधी लागू नये. आणि वर पाणी ठेवत आले होते. त्याने ते इमानदारीने दिलं, स्वतःवरच.

"आर्बेय," मी म्हणाले. या नावाने हाक मारायची जिभेला सवय नव्हती, म्हणून दोनदा मारली. "ते जुनं मागणं मी परत घेते. तुझी आई दर महिन्याला येणार आहे, तिची मेणबत्ती मी विझू देणार नाही. फ्रिजचं तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, तुझ्या आईला ठाऊक आहे. चौथ्याला नको." मागे कुणी ऐकत नाही ना, ते मी वळून पाहिलं. मग कपाळ दगडाला लावलं. रंग अजून थोडा चिकट होता.

"आता एकच सांग, पोरा. दोरी तू धरली होतीस. माझ्या मुलाला नदीत कुठे सोडलंत?"